मुखाची वेस आणि तिचे राखणदार

शास्त्रपाठ : स्तोत्र १४१:३, मार्क ७:३१-३७

स्तोत्रकर्त्याने परमेश्वराजवळ ज्या अनेक मागण्या केल्या त्यांत एक मागणी फार निराळी आहे. तो आपल्या मुखाकरिता पहारा मागतो आणि ओठांच्या दारावर राखण मागतो. या वचनावरून उपदेशक बहुतकरून निंदा, चहाडी व शिव्याशाप यांविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही हे वचन निराळ्या रीतीने हाती घेणार आहो. ज्या दाराविषयी ही प्रार्थना आहे ते दार प्रत्यक्षात कसे बांधलेले आहे, त्यातून आत काय जाते, बाहेर काय येते, आणि आमच्या प्रार्थनेच्या आधीच उत्पन्नकर्त्याने तेथे कोणकोणते राखणदार बसवून ठेवले आहेत, हे पाहावे असे आम्हांस वाटते.

वेस म्हणजे काय हे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. परभणी जिल्ह्यात आज पुष्कळ गावांची वेस पडली, तिचे दगड कोणाच्या ओट्यास तर कोणाच्या विहिरीस लागले. तरी म्हातारी माणसे अद्याप वेशीत बसतो असेच म्हणतात. आणि आमच्यापैकी अनेकांचे आजे-पणजे वेसकर होते. सांज झाली की दार लावणे, रात्री परका आला तर तो कोण, कोठला, कोणाकडे आला हे विचारणे, संशय आला तर हाक मारून गाव उठविणे, हे त्यांचे काम. आणि त्याबद्दल घरोघरची भाकर मागून आणणे हा त्यांचा हक्क. जो गावाची राखण करी तो स्वतः वेशीबाहेर राही, हेही आम्ही विसरलो नाही. आमच्या देहाच्या वेशीतही असेच वेसकर आहेत. त्यांस कोणी मान देत नाही, त्यांची नावेही कोणास ठाऊक नसतात, आणि ते जागे आहेत म्हणून आम्ही सुखाने जेवतो व निजतो.

पहिले दार ओठांचे. ओठांवरील कातडी इतकी पातळ आहे की खालच्या रक्ताचा रंग तिच्यातून दिसतो. चहा फार कढत आहे, भाजीत काडी आली आहे, ही वर्दी ओठ व जिभेचे टोक आधी देतात. त्यामागे दातांचे गावकूस. लहान मुलास दुधाचे २० दात, मोठ्या माणसास ३२. पुढचे पटाशीचे दात तोडण्यास, सुळे फाडण्यास आणि दाढा दळण्यास. दातावरचे पांढरे कवच हा साऱ्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु मोडलेले हाड सांधते, तसे झिजलेले किंवा किडलेले कवच पुन्हा उगवत नाही, म्हणून ते जन्मभर पुरवावे लागते.

दातांच्या मदतीस लाळ आहे. लाळेच्या मोठ्या ग्रंथी तीन जोड्या: एक कानांच्या पुढे, एक जबड्याच्या खाली, एक जिभेच्या खाली. मुलांस गालगुंड होते तेव्हा कानापुढची ग्रंथीच सुजलेली असते. दिवसाकाठी अर्ध्या लिटरापासून दीड लिटरापर्यंत लाळ सुटते, आणि तिचे काम घास ओला करण्यापुरते नाही. वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन न गिळता पुष्कळ वेळ चावीत राहावा. तो हळूहळू गोडसर लागू लागेल. पिठातील सत्त्वाची लाळेने साखर केली, म्हणून ही गोडी. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचा ‘परभणी मोती’ हा वाण दिला, पुढे लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण दिला. पण ज्याची लाळ आटली त्यास मोत्याची भाकरही मातीसारखी लागते. आजाऱ्याजवळ बसणाऱ्यांनी हे पाहिले असेल.

मग जीभ. जिभेच्या टोकास गोड, मागे कडू, बाजूंस आंबट असा नकाशा आम्ही शाळेत शिकलो. तो खरा नव्हे असे आता ठरले आहे, कारण रुची घेणाऱ्या सूक्ष्म कळ्या जेथे जेथे आहेत तेथे सर्व रुची कळतात. या कळ्या काही हजार असून त्यांतील पेशी दहा-पंधरा दिवसांत जुन्या होऊन नव्या येत राहतात. कडू चव आली की मनुष्य तोंड वाकडे करून थुंकतो, तो उगाच नव्हे. रानातील विषारी पाला, फळे, बिया यांपैकी पुष्कळ कडू असतात. म्हणजे कडूपणा ही वेसकराची हाक आहे. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

जिभेचे दुसरे काम बोलणे. याविषयी आमच्या वर्णमालेत जे ज्ञान साठविले आहे ते पाहून आम्ही पुनःपुन्हा चकित होतो. पाटीवर क, च, ट, त, प अशा ओळी मूल गिरवते, तेव्हा ते नकळत मुखाचा नकाशाच गिरवीत असते. क-वर्ग घशाजवळचा, च-वर्ग टाळ्याचा, ट-वर्ग टाळ्याच्या उंच भागाचा, त-वर्ग दातांचा आणि प-वर्ग ओठांचा. म्हणजे आतून बाहेर येत येत आपण वेशीपाशी पोहोचतो. प्राचीन वैयाकरणांजवळ यंत्र नव्हते. आपल्याच मुखात जीभ कोठे लागते हे त्यांनी लक्षपूर्वक पाहिले व अक्षरे त्या क्रमाने मांडली. मराठीने त्यात आणखी बारकावा आणला. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहिताना एकच. पण पहिल्यात जीभ टाळ्यास लागते, दुसऱ्यात दातांच्या मुळाशी. एवढ्याशा अंतराने अर्थ बदलला, आणि चार वर्षांच्या मुलाचीही त्यात चूक होत नाही. (आमच्या परभणीकडच्या ‘करायलो’, ‘जायलो’ या बोलण्यास पुण्याकडील काही लोक हसतात. त्यांस आम्ही इतकेच सांगतो की यार्देनेच्या उतारावर एका अक्षराच्या उच्चारावरून माणसे मारली गेली ती गोष्ट शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे, ती एकदा वाचावी.)

टाळ्याविषयी एक दुःखाची गोष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. टाळ्याचा पुढचा भाग हाडाचा व कठीण, मागचा भाग मांसाचा व मऊ असून त्याच्या टोकास पडजीभ लोंबते. गर्भ दोन-तीन महिन्यांचा असताना ओठ व टाळा डावी-उजवीकडून येऊन मध्ये जुळतात. काही बालकांत ते जुळणे अपुरे राहते व मूल दुभंगलेल्या ओठाचे किंवा टाळ्याचे जन्मते. जगात सुमारे सातशे जन्मांत एक असे त्याचे प्रमाण सांगतात. अशा बालकाचे दूध नाकावाटे येते, कारण मुख व नाक यांमधला पडदा अपुरा असतो. खेड्यांत लगेच म्हणतात की ग्रहणात आईने विळी धरली, भाजी चिरली. आमच्या मंडळ्यांतही हे बोलतात, याचे आम्हांस फार वाईट वाटते. ज्या बाईने नऊ महिने ते लेकरू वाहिले तिच्याच माथी दोष मारावयाचा, आणि सासूने तिच्याशी बोलणे टाकावयाचे! चंद्रसूर्याची सावली कोणाच्या गर्भावर विळी चालवीत नाही. ओठ तीन-चार महिन्यांच्या सुमारास शिवता येतो. टाळा बहुधा वर्षाच्या आसपास शिवतात, म्हणजे बोलणे लागण्याच्या आत दार नीट बसते. अशा शस्त्रक्रिया मोफत करणारी रुग्णालये महाराष्ट्रात आहेत. त्या आईस दोष देण्याऐवजी तिच्याबरोबर गाडीत बसून जाणारा कोणी हवा.

आता आम्ही त्या ठिकाणी येतो जेथे मुखाची सर्वांत अवघड राखण आहे. परभणी स्टेशन ज्यांनी पाहिले त्यांस ठाऊक आहे की तेथून परळीकडे जाणारा फाटा फुटतो, आणि रुळांचे सांधे वेळेवर बदलले नाहीत तर गाडी भलत्याच वाटेस लागेल. आमच्या घशात असाच सांधा आहे. श्वास नाकातून येतो, म्हणजे वरून व मागून. अन्न तोंडातून येते, म्हणजे पुढून. परंतु खाली गेल्यावर श्वासाची नळी पुढे आहे व अन्नाची नळी तिच्या मागे. तेव्हा या दोन वाटा एकमेकींस ओलांडूनच गेल्या पाहिजेत. दिवसातून शेकडो वेळा, झोपेतही लाळ गिळताना, हा सांधा बदलतो व पुन्हा पूर्ववत होतो.

तो कसा बदलतो हे आपल्या बोटाने कळू शकते. कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळावा. कंठमणी वर उचलला जाऊन खाली येईल. त्या एका सेकंदाच्या आत काय काय घडते ते पाहा. जीभ घासास मागे लोटते, मऊ टाळा उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर येऊन जिभेच्या मुळाखाली लपते, त्यावरचे पानासारखे झाकण वाकून आडवे पडते, आतील स्वरतंतू एकमेकांस भिडून दुसरे दार लावतात, श्वास थांबतो, आणि मग मागची अन्ननळी तोंड उघडते. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखे एक हाड आहे, त्याचा शरीरातील दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांधा नाही. ते स्नायूंच्या दोऱ्यांनी टांगलेले असून ही सारी उचल त्याच्या आधाराने होते. इतके होऊनही एखादे शीत चुकून पुढच्या वाटेस लागलेच, तर ठसका लागतो. ठसका म्हणजे शेवटचा वेसकर होय. तो बोलणाऱ्यास गप्प करतो, हसणाऱ्यास रडवतो, आणि आत शिरलेल्या परक्यास वेशीबाहेर फेकून देईपर्यंत थांबत नाही.

तान्ह्या मुलाचे स्वरयंत्र गळ्यात उंच, नाकाच्या मागील वाटेजवळ असते. म्हणून बाळ स्तनाशी असताना नाकाने श्वास घेत घेत सहज दूध पिते. पुढे ते खाली उतरत जाते, आणि घशात मोकळी जागा होते. या मोकळ्या जागेमुळेच मनुष्यास इतके निरनिराळे स्वर काढता येतात असे अनेक शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. ते कितपत खरे याविषयी विद्वानांत अद्याप वाद चालू आहे. एवढे मात्र निश्चित की बोलत्या मनुष्याच्या घशात घास अडकण्याचे भय पुष्कळ आहे. बोलण्याच्या देणगीबरोबर हा धोका आम्हांस मिळाला आणि त्याबरोबरच राखणदारही मिळाले, असे आम्ही समजतो.

येथे आयाबायांस एक सूचना केल्यावाचून पुढे जाववत नाही. आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगा निघाल्या की अंगणात रांगणाऱ्या पोराच्या हातीही मूठभर दाणे देतात. दाढा नीट न आलेल्या मुलास शेंगदाणा चावता येत नाही. धावता-हसताना तो श्वासनळीत जातो. चार वर्षांपर्यंतच्या मुलास अखंड शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके देऊ नयेत. शेंगदाण्याचा कूट द्यावा. मूल खोकत किंवा रडत असेल तर त्यास खोकू द्यावे. आवाज बंद होऊन ते निळे पडू लागले तर टाळूवर फुंकर घालीत बसू नये. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा जोराने द्याव्या. तेवढ्याने न निघाल्यास वर्षावरील मुलाच्या मागे बसून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत व वरच्या अंगास पाच वेळा दाबावे, आणि दोन्ही उपाय आलटून पालटून चालू ठेवावे. वर्षाच्या आतील बाळाचे पोट दाबू नये. त्यास थापांनंतर पाठीवर निजवून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी दाबावे. आणि आत काय अडकले ते दिसत नसताना बोट घालू नये. त्याने दाणा अधिक खोल जातो. दुसऱ्या कोणास गाडीच्या तजविजीकरिता त्याच क्षणी धाडावे.

स्वरयंत्राविषयी थोडकेच लिहितो. पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदास सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा, स्त्रीचे दोनशेच्या आसपास आणि मुलांचे त्याहून अधिक वेळा थरथरतात. गाणे शिकविणाऱ्या मानुएल गार्सिया नावाच्या एका स्पॅनिश गृहस्थाने १८५४ साली दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने सूर्याचा प्रकाश आत पाडून, आपले स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले. त्याच्या कितीतरी शतके आधी आमच्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरास नामदेवांच्या घरी दळण-कांडण करीत गात होती. जात्यावर बसलेल्या बाईस हात रिकामा नसतो, वेळ रिकामा नसतो. रिकामा असतो तो कंठ, आणि तिने तोच देवास दिला. ती आमच्या पंथाची नव्हती म्हणून तिचे नाव या पत्रात घेऊ नये असे कोणास वाटत असेल तर त्यांनी आम्हांस क्षमा करावी. गोदावरीकाठच्या माणसास कंठाविषयी लिहिताना तिची आठवण येणारच.

बंधूंनो, इतका वेळ आम्ही राखणदारांची स्तुती केली. आता त्या राखणदारांस आम्ही काय करितो ते सांगणे प्राप्त आहे.

ज्या मुलाने पहिल्यांदा तंबाखू तोंडात धरली त्याचे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. जीभ कडू होते, घसा जळतो, डोके फिरते, मळमळते. चहूकडून वेसकर हाका मारीत असतात की परका आला, परका आला. मित्र हसतात व म्हणतात, ‘थोडी सवय होऊ दे.’ सवय म्हणजे काय? वेसकरास रोज थोडी गुंगी देणे. महिना-दोन महिन्यांत हाका बंद होतात, आणि मनुष्य समजतो की आता आपणांस ती सोसली. मग चुन्यात मळलेली चिमूट खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या आत, नेहमी त्याच एका जागी, तासन् तास राहते. त्या जागेची त्वचा मऊ व पातळ आहे. चुना तिला भाजतो, आणि भाजलेल्या जागेतून तंबाखूचे विष मुरते. बायका म्हणतात, ‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावतो.’ परंतु मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच. दात घासण्याचे नाव करून ती हिरड्यांवर दिवसातून चार वेळा फिरते. सुपारीस तर कोणी व्यसन म्हणतच नाही, पाहुण्यास देतात. तरी कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली सुपारीस, तंबाखू नसली तरीही, निश्चित कर्करोगकारक पदार्थांत घातले आहे. सुपारीने गालांच्या आतील मांस दोरीसारखे ताठ होते, तिखट सोसत नाही, आणि तोंड उघडेनासे होते. पंचवीस वर्षांच्या तरुणास भाकरीचा घास तोंडात जाईना म्हणून चुरून खाताना आम्ही पाहिले आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या रस्त्यावर कोणत्या पुड्या पडलेल्या असतात हे झाडणाऱ्यास विचारावे. २०१६-१७ साली सरकारने केलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढ माणसांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा तंबाखू चावणारा, लावणारा किंवा तोंडात धरणारा निघाला. विडी-सिगारेट ओढणारे त्या मानाने फार थोडे. म्हणजे आमच्या प्रांताचे संकट धुरात नाही, गालात आहे. भारतातील पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांत ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. आणि हे पाप ‘जगातील’ लोकांचेच आहे असे मानून कोणी निश्चिंत होऊ नये. मंदिराच्या दारापाशी चूळ भरून आत येणारे पंच आम्ही पाहतो. पहिल्या गीतास त्यांचा एक गाल बोलत नाही. प्रभुभोजनाची भाकर ज्या मुखात घ्यावयाची त्याच मुखात अद्याप चुना चुरचुरत असतो. आम्ही हे कोणास लाजविण्याकरिता लिहीत नाही. लाजेमुळेच तर पुढचा अनर्थ होतो.

तो अनर्थ असा की हा रोग आरंभी दुखत नाही. गालाच्या आत एक पांढरा किंवा लाल चट्टा उठतो, तो पुसून जात नाही. एखादे लहान व्रण पडते, भरत नाही. दुखत असते तर मनुष्य त्याच दिवशी धावला असता. परंतु वेसकराचा आवाज आपणच बंद केलेला असतो. मनुष्यास स्वतःच्या पाठीप्रमाणे स्वतःच्या मुखाचे आतले अंगही दिसत नाही. आम्हांस ठाऊक असलेल्या एका शेतकरी बंधूने, दाढ हलते म्हणून आठवड्याच्या बाजारात ती काढून घेतली. जखम भरेना म्हणून हळद भरली. मग कोणी मंतरलेले पाणी दिले, मग पेरणी आली, मग काढणी आली. मुंबईस टाटा रुग्णालयात पोहोचेपर्यंत जबड्याचे हाड काढावे लागले व बोलणे गेले. आज ते पाटीवर लिहून बोलतात. जखऱ्या याजकाने मुलाचे नाव पाटीवर लिहिले ती कथा ज्या रविवारी वाचली गेली, त्या रविवारी ते पुढच्याच बाकावर बसले होते, आणि आम्हांस वाचणे कठीण झाले.

उलटपक्षी जिंतूर तालुक्यातील एका वृद्ध भगिनीची गोष्ट आहे. तिचा शाळकरी नातू शाळेतील तपासणी पाहून घरी आला व खेळाखेळात म्हणाला, ‘आजी, आ कर बघू.’ ती म्हणाली, ‘मेल्या, माझ्या तोंडात काय सोनं हाय का?’ पण तिने तोंड उघडले. खालच्या हिरडीजवळ रुपयाएवढा पांढरा डाग त्यास दिसला. डॉक्टरांनी कणभर मांस काढून तपासले. कर्करोग झालेला नव्हता. त्या दिवसापासून मशेरीचा डबा चुलीत गेला, आणि वर्षभर दर तीन महिन्यांनी दाखविता दाखविता डाग विरत गेला. अशी सोय प्रत्येक वेळी होईलच असे नव्हे. परंतु जेथे डाग दिसतो तेथे निदान वाट शिल्लक असते.

आता मार्काच्या सातव्या अध्यायाकडे पाहा. बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या मनुष्यास लोकांनी प्रभूकडे आणले. तो मनुष्य आपल्या पायांनी आला असे लिहिलेले नाही; दुसऱ्यांनी त्यास आणले. प्रभूने त्यास गर्दीतून एकीकडे नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, थुंकून त्याच्या जिभेस स्पर्श केला. ज्याच्या एका शब्दाने वारा थांबतो त्यास दुरूनही बरे करता आले असते. तरी त्याने त्या मनुष्याचे तोंड उघडवले, आणि लाळेची, थुंकीची, वासाची किळस केली नाही. एकीकडे नेले यातही मोठी दया आहे. चार लोकांत तोंड उघडून दाखविण्याची त्या मनुष्याची लाज त्याने जाणली.

मंडळ्यांनी हेच करावे अशी आमची विनंती आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना सुटल्यावर, उन्हाकडे तोंड करून, घरच्या माणसाने घरच्या माणसाचे मुख पाहावे. बायकोने नवऱ्याचे, सुनेने सासूचे, मुलाने बापाचे. ‘तुला त्यातलं काय कळतं?’ असे कारभाऱ्याने म्हणू नये. तिला डाग दिसतो, तेवढे पुरे. हात स्वच्छ धुवून गाल बोटाने बाहेर ओढावा, जीभ वर, डावीकडे, उजवीकडे करावयास लावावी, खालच्या ओठाची आतली बाजू उलटून पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरणारे व्रण, कारणावाचून हलणारा दात, तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना दुखणे, मानेत आलेली गाठ, यांपैकी काही आढळले तर ती वेसकराची हाक समजावी. आणि आपलीच तीन बोटे, एकावर एक उभी धरून, पुढच्या दातांमधून आत जातात की नाही हे प्रत्येकाने पाहावे. जात नसतील तर सुपारी व गुटखा त्याच दिवशी टाकून डॉक्टरांस दाखवावे.

बार्शी येथे १९८७ साली खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. भारतातील ग्रामीण भागाकरिता असे हे पहिलेच केंद्र. रोगी रुग्णालयात येण्याची वाट न पाहता तेथील कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतील गावोगाव हिंडले, लोकांशी बोलले, चिन्हे समजावून सांगितली. आमचे बायबल-वुमन व उपदेशक पूर्वी याच रीतीने दारोदार फिरत असत. सुवार्ता सांगावयास ज्या घरी जाऊन बसतो, त्या घरी आजोबांच्या गालाची विचारपूस करणे काही कठीण नाही.

आमच्या जिल्ह्याच्या लोकांनी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा परभणीच्या जिल्हा रुग्णालयात, दंत विभागात अथवा कान-नाक-घसा विभागात दाखवावे. तेथून पुढे जाण्यास सांगितले तर छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीस कर्करोग रुग्णालय आहे, आणि मुंबईस १९४१ पासून चाललेले टाटा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारास साहाय्य मिळते. जाताना शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर घ्यावे, आधीचे कागद असतील तर तेही न्यावे, आणि रोग्यास एकट्यास धाडू नये; मंडळीतील कोणी एकाने सोबत जावे, कारण डॉक्टर जे सांगतात ते भ्यालेल्या मनुष्यास अर्धेच ऐकू येते.